'आळशी' डोळा : चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स?



या सत्राच्या सुरुवातीला आठवीतल्या एका मुलीच्या आईने माझ्याकडे चार ओळींचा अर्ज दिला. "मुलीच्या डाव्या डोळ्याला लेझी आय आहे. डॉक्टरांनी चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स सुचवली आहे. तरी तिला वर्गात चष्म्याशिवाय बसण्याची परवानगी मिळावी, ही विनंती." परवानगी कशासाठी, असे कोणी विचारेल. आपल्या शाळेचा नियमच तसा आहे. ज्याला चष्मा लागला आहे त्याने तो वर्गात लावलाच पाहिजे. मुले चष्मा दप्तरात दडवतात म्हणून हा नियम काही वर्षांपूर्वी मीच काढला होता.

अर्जावर 'मंजूर' लिहायला अर्धे मिनिट पुरले असते. पण पेन हातात घेतल्यावर मला तो नियम काढला तेव्हाचा आणखी एक प्रसंग आठवला. हीच मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेतल्या नेत्र-तपासणीत तिचा डावा डोळा फार कमजोर निघाला. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली. ती पट्टी लावून शाळेत येऊ लागली. पुढे वर्गाचे वार्षिक छायाचित्र काढायचे होते. "फोटोपुरती पट्टी काढ," असे तिला सांगण्यात आले. मी त्या रांगेच्या मध्यभागी खुर्चीवर बसलो होतो आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. काही मुले तिला 'काणी' म्हणत होती, तेही कानावर आले होते. एकदा रागावलो आणि विसरलो. त्यानंतर पट्टी कंपासपेटीत राहू लागली आणि चष्मा दप्तरात. घरी आईला वाटे, शाळेत लावते. शाळेत आम्हाला वाटे, घरी लावत असेल. अशी चार-पाच वर्षे गेली.

म्हणून या वेळी नीट समजून घ्यायचे ठरवले. तिच्या आईबरोबर डॉक्टरांकडे गेलो, थोडे वाचन केले. आईच्या संमतीने, नाव न घेता, ते इथे मांडतो आहे. अशी आणखी मुले आपल्या शाळेत असणार. हा दोष दर शंभर मुलांत साधारण दोन-तीन जणांत आढळतो.

आधी नावाबद्दल. इंग्रजीत लेझी आय, मराठीत आळशी डोळा. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथेही 'सुस्त आंख' असाच शब्द ऐकला. मला हे नाव आवडत नाही. मुलाला वाटते, आपणच काही आळस केला. वास्तविक या दोषात डोळा बहुधा धडधाकट असतो. बुबुळ स्वच्छ, पडदा स्वच्छ. अडचण मेंदूत असते. डोळा चित्र पाठवतो, पण मेंदू ते वाचायला शिकलेलाच नसतो. डॉक्टर याला अँब्लिओपिया म्हणतात. मी पुढे 'मंद डोळा' म्हणेन.

मेंदू एका डोळ्याचे चित्र का टाकून देतो? मुख्य कारणे तीन. एक, तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले तर एकाच्या दोन वस्तू दिसतील, म्हणून मेंदू एका डोळ्याचे ऐकणे बंद करतो. दुसरे, जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी, ज्यामुळे डोळ्यात प्रकाशच नीट जात नाही. आणि तिसरे, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक. आपल्या मुलीचे कारण हे तिसरे आहे. उजव्या डोळ्याला नंबर जवळजवळ नाही, डाव्याला अधिक पाच.

हे तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे सरळ असतात. अधिक नंबरच्या डोळ्याला स्पष्ट पाहण्यासाठी आतल्या भिंगाला जोर लावून फुगवावे लागते. पण हा जोर दोन्ही डोळ्यांना सारखाच मिळतो, आणि किती द्यायचा ते चांगला डोळा ठरवतो. चांगल्याचे काम थोड्या जोरात भागते, की तिथेच थांबले. मग दुसऱ्याचे चित्र जवळचे असो की लांबचे, कायम पुसटच. उणे नंबरच्या डोळ्याला निदान जवळचे तरी स्पष्ट दिसते, म्हणून तो पुष्कळदा वाचतो. अधिक नंबरवाल्याला तीही सोय नाही. आणि मूल कशाला तक्रार करेल? एका डोळ्याने त्याला फळा, पुस्तक, क्रिकेटचा चेंडू, सगळे दिसते. दुसऱ्या डोळ्याने वेगळे दिसायला हवे होते, हे त्याला माहीतच नसते.

मेंदूत हे कसे घडते याचा शोध डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात घेतला. त्यांनी मांजरीच्या लहान पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून बंद ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा जसाच्या तसा होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. त्या दुसऱ्या डोळ्याच्या कामाला लागल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर काही बिघडत नसे. म्हणजे लहानपणी एक काळ असा असतो की जो डोळा काम करतो त्याला मेंदूत जागा मिळते. १९८१ चे नोबेल पारितोषिक रॉजर स्पेरी यांच्यासह या दोघांना मिळाले. पिलांवरचा हा प्रयोग वाचताना वाईट वाटते, हे कबूल करतो. पण आज जन्मजात मोतीबिंदूवर बाळ काही आठवड्यांचे असतानाच शस्त्रक्रिया करण्याची जी घाई डॉक्टर करतात, तिचे कारण या ज्ञानातच आहे.

चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला कामाला लावण्याची युक्ती मात्र फार जुनी. फ्रान्सच्या ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच तिरळेपणावर ती सुचवली होती. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, उपचाराचा गाभा तोच राहिला आहे : आधी योग्य नंबर देऊन मंद डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट चित्र पाडायचे, आणि मग गरज पडल्यास चांगल्या डोळ्याला थोडा वेळ बाजूला बसवायचे.

पहिल्या पायरीला कमी लेखू नये. अमेरिकेत ३ ते ७ वर्षे वयाच्या, नंबरातल्या फरकामुळे डोळा मंद झालेल्या मुलांना नुसता चष्मा देऊन पाहिले गेले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७७ टक्के मुलांची नजर तक्त्यावरच्या दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली आणि २७ टक्के मुलांचा दोष पट्टीशिवायच गेला. पट्टीबद्दलही पालकांचा एक गैरसमज असतो की दिवसभर लावली तरच उपयोग. मध्यम दोषाच्या लहान मुलांत रोज २ तास आणि रोज ६ तास यांची तुलना २००३ मध्ये झाली, तेव्हा फळ सारखेच मिळाले. पट्टी मुळीच न सहन करणाऱ्या मुलांच्या चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून तो काही काळ पुसट करतात. तो मार्गही पट्टीच्या तोडीचा ठरला आहे. अर्थात तास किती आणि थेंब किती हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चष्मा असताना लेन्स कशाला? मी सुरुवातीला हे फॅशनचे खूळ समजत होतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असे समजायला नको होते, कारण उत्तर नववी-दहावीच्या प्रकाशाच्या धड्यातच आहे. वरच्या वर्गांतल्या मुलांनी पुढचा हिशोब कागदावर करून पाहावा.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते. बाहुली त्याच्याही ३ मिलिमीटर आत. म्हणजे एकूण १५ मिलिमीटर, अर्थात ०.०१५ मीटर. अधिक पाचचे भिंग इतके पुढे धरले तर चित्र किती मोठे दिसेल? सूत्र सोपे आहे : १ भागिले (१ वजा अंतर गुणिले शक्ती). ०.०१५ गुणिले ५ म्हणजे ०.०७५. १ मधून वजा केले की ०.९२५, आणि १ ला त्याने भागले की १.०८. म्हणजे सुमारे ८ टक्के मोठे. तेच भिंग थेट बुबुळावर बसवले तर अंतर फक्त ३ मिलिमीटर उरते आणि वाढ दीड टक्क्याच्या आसपास येते. उजव्या डोळ्याला नंबर नाही, त्याचे चित्र मूळ आकाराचे. आता एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यापेक्षा ८ टक्के मोठे असेल तर ती दोन चित्रे एकावर एक कशी बसवायची? मेंदूला पाच टक्क्यांच्या आसपासचा फरकच जड जातो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अधिक नंबरचा डोळा पुष्कळदा लांबीला आखूड असतो आणि त्याच्या पडद्यावरचे चित्र मुळातच लहान पडते. त्यामुळे चष्म्याने होणारी वाढ ते भरून काढते आणि दोन्ही चित्रे सारखी होतात, असे पुस्तकात दिलेले असते. गणित बरोबरच आहे. पण आखूड डोळ्याचा पडदा आणि लांब डोळ्याचा पडदा सारखा विणलेला नसतो, म्हणून प्रत्यक्षात अशाही बऱ्याच रुग्णांना लेन्सच सुखाची वाटते. डॉक्टर म्हणाले, "सर, शेवटी पेशंटला विचारावं लागतं."

आणि चित्राचा आकार ही अर्धीच गोष्ट झाली. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. चष्म्याच्या काचेच्या मध्यातून पाहिले तर किरण सरळ जातो. पण वहीत लिहिताना, जिना उतरताना आपण काचेच्या खालच्या भागातून पाहतो. तिथे भिंग लोलकासारखे वागते. मध्यापासून १ सेंटिमीटर खाली पाहिले तर अधिक पाचच्या काचेतून किरण इतका वळतो की १ मीटरवरची वस्तू ५ सेंटिमीटर सरकलेली दिसते. दुसऱ्या डोळ्यापुढची काच साधी, तिथे काही सरकत नाही. एक डोळा पायरी इथे सांगतो, दुसरा वर किंवा खाली सांगतो. डावी-उजवीकडचा फरक डोळे बराच जुळवून घेतात, वर-खालीचा अगदी थोडा. मग मेंदू सोपा मार्ग धरतो आणि मंद डोळ्याचे चित्र पुन्हा टाकून देतो. ज्या चष्म्याने तो डोळा जागा करायचा, त्यानेच त्याला झोपवण्याचे निमित्त मिळते. कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर बसते आणि डोळ्याबरोबरच फिरते. कुठेही पाहा, आपण तिच्या मध्यातूनच पाहतो.

हे समजल्यावर मी त्या मुलीला विचारले, "तू चष्मा का लावत नव्हतीस?" ती म्हणाली, "सर, चष्मा लावून मला जास्त काही दिसायचंच नाही. उलट जिन्यावर पाय चुकायचा. आणि एक डोळा मोठा दिसायचा." तिन्ही वाक्ये अक्षरशः खरी आहेत. उजव्या डोळ्याने चष्म्याशिवायही सगळे दिसत होते. जिन्याचे कारण आताच पाहिले. आणि जाड काचेमागचा डोळा समोरच्यालाही मोठा दिसतोच. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो, आणि ती पोर आम्हाला प्रकाशाचा धडा शिकवत होती.

लेन्सचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र मोठ्या मुलांपेक्षा तान्ह्या बाळांना झाला आहे. एका डोळ्याला जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाचे भिंग काढल्यावर त्या डोळ्याला फार मोठा नंबर लागतो. इतका फरक चष्म्याने सांभाळणे कठीण. अमेरिकेत अशा ११४ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना डोळ्याच्या आत कायमचे कृत्रिम भिंग बसवले, निम्म्यांना बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुले साडेदहा वर्षांची होईपर्यंत पाहिले तेव्हा दोन्ही गटांच्या नजरेत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. आत भिंग बसवलेल्यांना लहानपणी पुन्हा शस्त्रक्रिया मात्र जास्त लागल्या. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात आई लेन्स घालते-काढते, हे ऐकून मी थक्क झालो. आमच्या काळी चष्मा लागला तरी घरात सुतक आल्यासारखे वाटत असे.

मुलांसाठी एक गंमत सांगून पुढे जातो. आज वापरतात ती मऊ लेन्स प्रथम एका घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर तयार झाली. चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी पाणी शोषून मऊ होणारे प्लास्टिक आपल्या सहकाऱ्यांसह बनवले होते, पण त्याची लेन्स काही नीट घडेना. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक फिरते यंत्र केले आणि द्रव गरगर फिरवून लेन्स पाडली. विज्ञान प्रदर्शनासाठी दुकानातून तयार मॉडेल आणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता दुसरी बाजू. लेन्स घेतली की डोळ्याचा दोष गेला, असे काही पालक समजतात. तसे नाही. लेन्स आणि चष्मा दोन्ही फक्त पडद्यावर स्पष्ट चित्र पाडतात. ते चित्र वाचण्याची सवय मेंदूला लावावी लागते, आणि त्यासाठी लेन्स लावूनही पट्टी लागू शकते. लेन्सच्या पहिल्या दिवशी मंद डोळ्याने ६/६ दिसेल, ही आशा धरली तर निराशाच पदरी येईल. लेझर शस्त्रक्रियेचेही तेच. ती नंबर घालवते, मेंदूतला दोष घालवत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलांना ती सहसा करतही नाहीत.

वयाचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. "सात वर्षांनंतर उपयोग नाही" असे पूर्वी सर्रास सांगत. २००५ मध्ये ७ ते १७ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७ ते १२ वयात चष्म्यासोबत पट्टी व थेंब मिळालेल्यांपैकी ५३ टक्के मुलांची नजर दोन ओळी किंवा अधिक सुधारली, नुसता चष्मा मिळालेल्यांत २५ टक्क्यांची. १३ ते १७ वयात एकंदरीत दोन्ही गट सारखेच राहिले. पण त्यांतल्या ज्या मुलांना पूर्वी कधीच उपचार मिळाला नव्हता, त्यांत पट्टीसह उपचार घेणाऱ्या ४७ टक्के मुलांना लाभ झाला, नुसत्या चष्म्याने २० टक्क्यांना. म्हणजे दार लवकर लोटले जाते, पण कडी घातलेली नसते. तरी कोणी यातून 'मग घाई कशाला' असा अर्थ काढू नये. तिसरीत जे दोन तासांच्या पट्टीने झाले असते, त्यासाठी आठवीत कोणतेही डॉक्टर शब्द देत नाहीत. आपल्या मुलीच्या आईलाही त्यांनी शब्द दिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती. ज्याचा एक डोळा मंद आहे, त्याचा सगळा संसार दुसऱ्या डोळ्यावर चालतो. त्या चांगल्या डोळ्याला काही झाले तर राखीव काहीच नाही. चष्म्याची काच, विशेषतः पॉलिकार्बोनेटची न फुटणारी काच, त्या डोळ्यापुढे ढालीसारखी उभी असते. मुलाने चष्मा सोडून लेन्स लावली की ढाल गेली. चेंडू, कंपासचे टोक, बॅडमिंटनचे फूल, प्रयोगशाळेतला आम्लाचा थेंब, यांपैकी काहीही लेन्स अडवत नाही. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आपल्या प्रदेशातल्या इतर ठिकाणी कार्बाइडच्या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले, हे आपण वाचले आहे. त्यांतल्या एखाद्याचा दुसरा डोळा आधीच मंद असता तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून डॉक्टरांनी आमच्या मुलीला तोडगा दिला तो असा : डाव्या मंद डोळ्यात लेन्स, आणि वरून साध्या पॉलिकार्बोनेट काचांचा, बिननंबरी, हलका चष्मा. उजव्या डोळ्याला नंबर नाही, तर त्यात लेन्स घालायची काहीच गरज नाही. चांगल्या डोळ्याला विनाकारण हात लावायचा नाही. ती थोडी हिरमुसली. "सर, लेन्स लावूनही चष्मा?" पण या चष्म्यात दोन्ही डोळे सारखे दिसतात आणि जिना सरकत नाही, हे लक्षात आल्यावर तिने तो मुकाट्याने घेतला.

लेन्सचा स्वतःचा धोका म्हणजे बुबुळाचा जंतुसंसर्ग. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज रात्री काढून ठेवायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दर दहा हजार लोकांत वर्षाला सुमारे ४ जणांना असा संसर्ग झाला, आणि लेन्स घालून झोपणाऱ्यांत सुमारे २०. आकडा लहान आहे, पण ज्याला होते त्याच्या बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. झोपताना लेन्स काढणे ही एकच सवय धोका किती कमी करते ते या आकड्यांतच दिसते. दुसरा शत्रू पाणी. नळाचे, टाकीचे, पोहण्याच्या तलावाचे, कुठलेही पाणी लेन्सला लागता कामा नये. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतो. हात साबणाने धुऊन, स्वच्छ कापडाने कोरडे करूनच लेन्सला हात लावायचा. डबीतले जुने द्रावण ओतून टाकायचे, त्यातच नवे मिसळायचे नाही. थुंकी लावून लेन्स पुसणे तर ऐकूनच अंगावर काटा येतो, पण कॉलेजातली मुले करतात. परवडत असेल तर रोज वापरून फेकायच्या लेन्स मुलांसाठी उत्तम, कारण धुण्या-साठवण्याचा प्रश्नच मिटतो. किती वर्षांचे मूल लेन्स सांभाळू शकते याला ठराविक वय नाही. आठ-दहा वर्षांची मुलेही शिकवल्यावर नीट सांभाळतात असे दिसून आले आहे. माझा अनुभव विचाराल तर जे मूल डबा खाण्याआधी न सांगता हात धुते ते तयार आहे, बाकीचे नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना की लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. औषधाच्या दुकानातून विचारून थेंब आणायचे नाहीत. त्यांत स्टेरॉइड असले तर संसर्ग आणखी भडकतो. डोळे आले असताना, तापात, आणि रंगपंचमीच्या दिवशी लेन्स नकोच. राजवाड्यावरची गेर पाहायला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे मी मुद्दाम सांगतो. रंग लेन्सखाली शिरून तिथेच बसतो. त्या दिवशी जुना चष्मा बरा.

एक तक्रार आमची आमच्यावरच. मागच्या स्नेहसंमेलनात नृत्यासाठी काही मुलींनी फॅन्सी दुकानातून निळ्या लेन्स आणल्या आणि एकच जोडी आलटून पालटून तिघींनी घातली. मला हे कार्यक्रमानंतर कळले. नशिबाने काही झाले नाही. डॉक्टरांनी डोळा मोजल्याशिवाय लेन्स घालायची नाही, नंबर नसलेली रंगीत लेन्सही नाही, आणि दुसऱ्याची तर कधीच नाही. या वर्षीपासून संमेलनाच्या सूचनापत्रात हे छापले जाईल.

पालकांनी घरी एक गोष्ट आजच करावी. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका, बोटांनी नव्हे, बोटांच्या फटीतून मुले पाहतात. समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या तारखा वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. दोन्हींत फरक आढळला, किंवा एक डोळा झाकू देताना मूल चिडून हात बाजूला करू लागले, तर थांबू नका, दाखवून या. शिशुवर्गातल्या मुलांना अक्षरे येत नसतील तर चित्रे किंवा तीन पायांच्या 'ई'ची दिशा विचारावी.

विश्वस्त मंडळाकडे माझी दोन मागण्यांची टिपणी पाठवली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी शाळांत जातात, पण आपल्यासारख्या संस्थेने त्यांची वाट पाहत बसू नये. शिशुवर्गात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची एकेका डोळ्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी आणि त्याची नोंद प्रगतिपुस्तकात राहावी. दुसरी मागणी साधी आहे : मुलींच्या आणि मुलांच्या, दोन्ही प्रसाधनगृहांजवळ वर्षभर साबण. चष्म्याचा नियम मी बदलला आहे. आता तो असा : डॉक्टरांनी जे सांगितले असेल, मग चष्मा, लेन्स, पट्टी किंवा थेंब, ते शाळेच्या वेळेत पाळले जाईल आणि त्याची चिठ्ठी वर्गशिक्षिकेकडे राहील. पट्टी लावलेल्या मुलाला छायाचित्रात पट्टीसह उभे केले जाईल.

आपल्या मुलीला लेन्स लागून पाच महिने झाले. रोज दोन तास, घरी अभ्यासाच्या वेळी, ती उजव्या डोळ्यावर पट्टी लावते. सुरुवातीला डावा डोळा ६/३६ होता, आता ६/२४ आहे. एकच ओळ. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे पाहू. तिची पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे, आणि त्या दिवशी शाळेचा तक्ता घेऊन तिने धाकट्या भावालाही बरोबर न्यायचे ठरवले आहे. त्याला तिने घरीच कालनिर्णय वाचायला लावले, आणि डाव्या डोळ्याने तो दोन तारखा चुकला.